लकव्याचा रुग्ण घरी आल्यावर: रुग्णाची आणि सांभाळणाऱ्याचीही काळजी

आपल्या भागात कोणी 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, कोणी 'लकवा मारला' म्हणतात, तर दवाखान्याच्या कागदावर 'पक्षाघात' किंवा 'स्ट्रोक' लिहिलेले असते. आजार एकच. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती रक्तवाहिनी फुटते, आणि मेंदूचा तो भाग ज्या अवयवांना चालवतो ते अवयव काम करेनासे होतात. नांदेडच्या किंवा लातूरच्या रुग्णालयात आठ-दहा दिवस उपचार होतात आणि मग डॉक्टर म्हणतात, 'आता घरी न्या, तिथेच काळजी घ्या.'

इथून पुढचे काम घरच्यांचे असते, आणि ते कसे करायचे हे बहुतेकांना कोणी नीट शिकवलेले नसते. नायगावच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांना जे वारंवार सांगावे लागते, ते या लेखात एकत्र दिले आहे. पहिला भाग रुग्णाच्या काळजीचा आहे आणि दुसरा भाग काळजी घेणाऱ्या माणसाचा. दुसरा भाग वगळू नका. सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली की रुग्णाचे हाल सुरू होतात.

घरी आणण्याआधी काय विचारून घ्यावे?

सुट्टी मिळण्याच्या दिवशी घाई असते, गाडी बाहेर उभी असते. तरीही पुढील गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या.

- लकवा गुठळीमुळे झाला की रक्तस्रावामुळे? पुढची औषधे यावर ठरतात.
- कोणती गोळी किती दिवस घ्यायची आणि कोणती कायम चालू ठेवायची?
- रुग्णाला तोंडाने खायला देणे सुरक्षित आहे का?
- लघवीची नळी किंवा नाकातली नळी असेल तर ती कधी बदलायची आणि कुठे?
- कोणते व्यायाम करून घ्यायचे? फिजिओथेरपिस्टकडून ते स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवा.
- पुन्हा कधी दाखवायचे?

जो माणूस घरी प्रत्यक्ष सेवा करणार आहे, तोच हे ऐकायला हजर हवा. अनेकदा डॉक्टरांशी मुलगा बोलतो आणि सगळे करते सून. तिला मधल्या माणसाकडून अर्धीच माहिती मिळते.

अंथरुणातल्या जखमा कशा टाळाव्यात?

एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाडावरची कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा आहेत.

- दर दोन तासांनी कूस बदला: उताणे, डावी कूस, उजवी कूस. भिंतीवर वेळापत्रक लावा म्हणजे कोणाची पाळी आहे यावरून वाद होत नाही.
- रोज अंघोळीच्या वेळी या सगळ्या जागा पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तो पांढरा पडत नसेल तर जखमेची ती सुरुवात आहे. त्या जागेवर अजिबात भार येऊ देऊ नका.
- लाल जागेवर तेल चोळू नका. चोळल्याने आतली कातडी आणखी फाटते.
- पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा गादीपासून अधांतरी राहतील. ढुंगणाखाली गोल कडे किंवा चुंबळ ठेवू नका, त्याच्या कडेवर दाब वाढतो.
- चादरीला चुण्या नकोत. रुग्णाला ओढून सरकवू नका, दोघांनी चादरीसकट उचलून सरकवा.
- हवेची गादी उपयोगी असते, पण ती असली तरी कूस बदलावीच लागते. वीज गेली की काही गाद्यांतली हवा उतरते, हे लक्षात असू द्या.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे जातो. घामाने पाठ ओली राहते आणि कातडी लवकर सोलते. या दिवसांत सुती कपडे घाला, दिवसातून दोनदा अंग पुसून कोरडे करा आणि पत्र्याच्या खोलीऐवजी घरातली सर्वांत थंड जागा रुग्णाला द्या.

खायला-प्यायला कसे द्यावे?

लकव्यानंतर अनेकांचे गिळणे बिघडते. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि लकव्याच्या रुग्णांच्या मृत्यूचे ते एक मोठे कारण आहे.

- झोपवून कधीही भरवू नका. पाठ टेकवून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर निदान अर्धा तास तसेच बसू द्या.
- छोटा घास, तोही चांगल्या बाजूच्या गालात. आधीचा गिळला हे पाहून मगच पुढचा.
- पाणी आणि चहा यांसारखे पातळ पदार्थ सर्वांत जास्त ठसका लावतात. घट्टसर पदार्थ सोपे जातात. ज्वारीची आंबील चमच्यातून हळू पडेल इतकी घट्ट शिजवा. मऊ खिचडी किंवा दुधात कुस्करून एकजीव केलेली भाकरी चालते. भाकरीचे तुकडे वेगळे आणि दूध वेगळे, असा काला ठसका लावतो.
- खाताना खोकला येणे, आवाज ओलसर घोगरा होणे, नाकातून पाणी येणे ही गिळणे बिघडल्याची चिन्हे आहेत. तोंडाने देणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.
- जेवणानंतर तोंडात घास अडकला आहे का पाहा. रोज दोनदा दात आणि जीभ स्वच्छ करा.

नाकातून नळी असेल तर प्रत्येक वेळी तिच्यावरची खूण जागेवर आहे का ते पाहा. बसवूनच द्या आणि शेवटी पाणी घालून नळी धुऊन काढा. नळी बाहेर आली तर घरी परत ढकलू नका.

लघवी, संडास आणि संकोच

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली टांगा, पण जमिनीवर ठेवू नका. नळीला पीळ पडू देऊ नका. हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. पुरुष रुग्णाला काही वेळा कंडोमसारखी बाहेरून लावायची नळी पुरते, ते डॉक्टरांना विचारा.

संकोचाचा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी बोलून दाखवत नाही. सासऱ्यांचे कपडे सुनेने बदलायचे, आईचे मुलाने बदलायचे, हे दोघांनाही अवघड जाते. रुग्ण लाजेने पाणी पिणे कमी करतो, म्हणजे सारखे कोणाला हाक मारावी लागणार नाही. त्यातून बद्धकोष्ठ होते आणि लघवीत जंतुसंसर्ग होतो. शक्य असेल तिथे पुरुषाची स्वच्छता घरातल्या पुरुषाने करावी. मुलाने वडिलांना अंघोळ घालण्यात कमीपणा नाही. ते शक्य नसेल तर साडीचा आडोसा करा, अंगावर चादर ठेवून जेवढे उघडावे लागेल तेवढेच उघडा, आणि आधी सांगून मग हात लावा. रुग्णाला बोलता येत नसले तरी बहुतेक वेळा समजत असते.

हात-पाय पुन्हा चालतील का?

सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. त्यानंतरही होते, पण हळू. म्हणून व्यायाम पहिल्या आठवड्यापासून हवा. दिवसातून दोन-तीन वेळा प्रत्येक सांधा हळुवार हलवा. बोटे आणि खांदा विसरू नका. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही उठवू नका, खांदा निखळतो. बसवल्यावर तो हात उशीवर टेकवा.

रुग्णाच्या हातून होईल ते त्यालाच करू द्या. चमचा सांडेल, शर्टाचे बटण लावायला दहा मिनिटे लागतील, पण मेंदू त्यातूनच शिकतो. महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी त्यानंतर डाव्या हाताने लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ मध्ये छापले गेले. तेव्हा फिजिओथेरपी नव्हती, रक्तदाबाच्या गोळ्या नव्हत्या. घरात सावित्रीबाई होत्या. (त्यांचे माहेरचे नायगाव सातारा जिल्ह्यातले, आपले नायगाव वेगळे.) प्रत्येक रुग्ण पुस्तक लिहील असे नाही, पण उरलेला हात कामाला लावता येतो एवढे यातून घ्यावे.

कबुतराचे रक्त चोळून लकवा जात नाही. गरम विटेचा शेक लुळ्या बाजूला देऊ नका, तिथे चटका कळत नाही आणि भाजते. कोणत्याही गावच्या औषधासाठी रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद करू नका. त्या बंद केल्या की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

- तोंड नव्याने वाकडे होणे, दुसरा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे बिघडणे. हा दुसरा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅननंतर. नायगावहून नांदेडला पोहोचण्यातच बराच वेळ जातो, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. घरी स्वतःहून ॲस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव असेल तर तो वाढेल.
- झटके येणे किंवा शुद्ध हरपत जाणे.
- ताप आणि धाप, विशेषतः ठसका लागल्यानंतर.
- एकच पोटरी सुजणे व दुखणे, किंवा अचानक दम लागून छातीत दुखणे.
- सहा-आठ तास लघवी न होणे.
- जखमेतून घाण वास किंवा पू येणे.
- काळी किंवा रक्ताची संडास.

आता सांभाळणाऱ्याविषयी

काळजी घेणारी व्यक्ती माझ्याकडे सहसा स्वतःसाठी येत नाही. ती रुग्णाच्या गोळ्या लिहून घ्यायला येते आणि निघता निघता म्हणते, 'माझीही कंबर जरा दुखते.' तपासले की कळते, कंबर तीन महिन्यांपासून दुखते आहे, झोप तुकड्या-तुकड्यांत होते, आणि तिची स्वतःची रक्तदाबाची गोळी संपून महिना झाला आहे.

कंबर: उचलताना पाठ वाकवू नका. गुडघे वाका, रुग्णाला अंगाशी घ्या आणि मग उठा. कंबरेतून पिळा देऊ नका, पाय वळवा. पलंग तुमच्या कमरेएवढा उंच असेल तर रोजचे निम्मे कष्ट वाचतात. पलंगाच्या पायांखाली मजबूत लाकडी ठोकळे नीट बसवून उंची वाढवता येते. मात्र रुग्ण स्वतः उठत असेल तर उंची त्याच्या सोयीची ठेवा, नाहीतर तो पडेल.

झोप: रात्रीचे कूस बदलणे एकाच माणसाच्या वाट्याला नको. रात्र दोन भागांत वाटा. आठवड्यातून किमान दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, सलग झोपाल असे ठरवा.

स्वतःची औषधे: तुमची साखर, तुमचा रक्तदाब, तुमची तपासणी. रुग्णाच्या तारखेलाच स्वतःचीही तारीख घ्या म्हणजे वेगळी फेरी पडत नाही.

राग येतो, हे पाप आहे का?

नाही. चौथ्यांदा चादर ओली झाल्यावर चीड येते. 'सुटका झाली तर बरे' असा विचारही मनात येऊन जातो, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटते. थकलेल्या माणसाला असे विचार येतात. त्यावरून तुमचे प्रेम किंवा तुमची नियत ठरत नाही. मात्र हात उगारला जाईल असे वाटले तर रुग्णाला सुरक्षित कुशीवर ठेवून खोलीबाहेर या, पाणी प्या, कोणाला तरी हाक मारा. असे पुन्हा पुन्हा होत असेल तर तुम्हाला तातडीने मदतीची गरज आहे हे ओळखा.

लोक सांगतात, 'सेवा करायला नशीब लागतं, पुण्य मिळेल.' ते चांगल्या मनाने म्हणतात, पण त्याने झोप भरून निघत नाही. असे म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा, 'मग रविवारी दुपारी दोन तास तुम्ही बसाल का?'

आणखी एक अवघड गोष्ट. प्रत्येक आजारी माणूस आधी चांगलाच वागलेला असतो असे नाही. ज्या नवऱ्याने आयुष्यभर दारू पिऊन मारले, त्याचेच अंग पुसायची वेळ काही बायकांवर येते. तुमच्या मनात माया नसेल तर ती ओढूनताणून आणू नका. स्वच्छता, औषध, जेवण एवढे नेमाने केले तरी ती पूर्ण सेवा आहे. आणि ते एकटीने करण्याची सक्ती नाही. कोणी करायचे हे सगळ्या घराने मिळून ठरवायचे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक-झोप गेली असेल, सारखे रडू येत असेल तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. हीच लक्षणे रुग्णातही पाहा. लकव्यानंतर नैराश्य पुष्कळांना येते.

काम कसे वाटावे?

सगळ्या भावंडांची एकदा बैठक घ्या. भांडण व्हायच्या आधी घ्या. कागदावर दोन रकाने करा: हातांचे काम आणि पैशांचे काम. पुण्याला किंवा हैदराबादला राहणारा भाऊ रात्री कूस बदलू शकत नाही, पण दरमहा डायपर, औषधे आणि फिजिओथेरपीचा खर्च उचलू शकतो, आणि सोयाबीनच्या काढणीत किंवा दिवाळीत आठ दिवस येऊन सांभाळणाऱ्याला सुट्टी देऊ शकतो. लेकीही यात बरोबरीच्या आहेत. शाळकरी मुलांना पाणी देणे, पेपर वाचून दाखवणे, आजोबांशी बोलणे अशी कामे द्या. अभ्यास सोडवून सेवेला बसवू नका.

सरकारी मदत

- महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक उपचार मोफत होतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.
- ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते.
- लुळेपणा कायम राहिला तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर अनेक सवलती मिळतात.
- संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. वय आणि उत्पन्नाच्या अटी तिथे विचारून घ्या.
- ज्येष्ठांसाठी सल्ल्याचा क्रमांक १४५६७ आहे.

सुधारणा थांबली तर?

काही रुग्ण उठत नाहीत. वय जास्त असते, झटका मोठा असतो, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. अशा वेळी शेत विकून आणखी एक मोठे रुग्णालय गाठावे का, हा प्रश्न घरात उभा राहतो आणि तो उच्चारणाऱ्याला वाईट ठरवले जाते. डॉक्टरांना सरळ विचारा, 'यातून ते बसते-बोलते होण्याची शक्यता किती? नसेल तर त्रास कमी करण्यासाठी काय करता येईल?' वेदना, धाप, जखमा, कोरडे तोंड यांचा त्रास कमी करणे हाही उपचार आहे, आणि त्यातला बराचसा घरी होतो. शक्य असेल तेव्हा रुग्णालाही त्याची इच्छा विचारा.

यातून मिळते काय?

सगळ्यांना सारखे मिळत नाही, म्हणून आश्वासन देत नाही. पण जे दिसते ते सांगतो. ज्या बाप-लेकांत वर्षानुवर्षे शेतीच्या वाटणीपलीकडे बोलणे नव्हते, तिथे दाढी करताना बोलणे सुरू होते. सहा आठवड्यांनी रुग्णाने स्वतःच्या हाताने पेला उचलला की घरभर ती बातमी होते. शाळेची पायरी न चढलेली बाई नळीवरची खूण, गोळ्यांच्या वेळा, लाल डागाचा अर्थ बिनचूक सांगते, आणि शेजारच्या घरात कोणाला लकवा झाला तर लोक आधी तिला बोलावतात. नातवंडे पाहत असतात आणि शिकत असतात. माणूस गेल्यानंतर 'आम्ही करायचे ते केले' एवढे वाक्य अनेकांना पुढे वर्षानुवर्षे पुरते.

माणूस गेल्यावर मात्र सांभाळणाऱ्याला रिकामे-रिकामे वाटते. रात्री दोन वाजता कूस बदलायला जाग येते आणि अंथरूण रिकामे असते. हे काही महिने चालते. त्या काळातही तिची चौकशी करा आणि तिला एकदा दवाखान्यात आणून तिची तपासणी करून घ्या.

लक्षात ठेवा

- दर दोन तासांनी कूस, ताठ बसवून घास, रोज व्यायाम.
- गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
- नवा झटका म्हणजे लगेच १०८.
- सांभाळणाऱ्याची झोप आणि औषधे ही रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहेत.
- पुढच्या वेळी दवाखान्यात रुग्णाची फाइल आणाल तेव्हा सोबत स्वतःचाही कागद आणा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाची औषधे, आहार आणि व्यायाम तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.)